दुसऱ्याची फटफटी

जुनी गाडी घरी खोलून पुन्हा जोडली, की एखादा नट उरतोच. कुठला, कुठून निघालेला, कुणालाच सांगता येत नाही. गाडी चालते आणि नट उरतो! फेकून द्यायला जीव होत नाही, म्हणून तो डब्यात टाकायचा. माझ्याकडं तुपाचा एक जुना डबा अशा नटांनी काठोकाठ भरलाय. किश्शांचंही तसंच. मुद्दाम कोण जमवतो? ते उरत जातात. चार माणसं चहाला बसली, की डबा हलतो आणि आतलं काहीतरी वाजायला लागतं.

हे किस्से लातूर नुकतं जिल्हा झालं त्या वर्षांतले. उस्मानाबादेतून फुटून आम्ही वेगळे झालो आणि गावाला शिंगं फुटली. नवे साहेब आले, जिपा आल्या, नव्या पाट्या रंगल्या. आला नाही तो फक्त पाऊस.

आम्ही चौघं होतो. मी मन्मथ. लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ आमचं भांड्यांचं दुकान. दुसरा बस्वराज, म्हणजे बसू. उदगीरला त्याची आडत. नात्यानं लांबचा आतेभाऊ आणि जवळचा दोस्त. तिसरा व्यंकट. देवणीकडं त्याची शेती आणि बैलजोडी. चौथे हबीब मास्तर. मूळ नांदेडचे, पण नोकरी लातूरच्या शाळेत. पोरांना गणित शिकवायचे. चौघांकडं चार जुन्या फटफट्या. नवी स्कूटर घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आम्हाला मात्र ती नकोच होती. आम्हाला आमच्या बापाच्या वयाची गाडी लागायची, आणि ती स्वतःच्या हातानं खोलायची हौस.

रविवारी सगळे माझ्या परसात जमायचे. लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरायचं, त्यावर पाने, पेचकस, प्लग मांडायचे. आमच्यात दोस्ती होती हे खरंच. पण एकानं नवीन आरसा आणला, की उरलेल्या तिघांचा चहा कडू व्हायचा! दुष्काळात रॉकेल मिळत नव्हतं, पण जळण आमच्यात भरपूर होतं. सगळ्यात जास्त माझ्यात.

* * *

आधी बसूच्या गाडीचं सांगतो. कारण माझं जळणं तिथूनच सुरू झालं.

उदगीरला किल्ल्याच्या बाजूला एक म्हातारे फौजदारसाहेब राहायचे. निजामाच्या काळात नोकरी केलेले. त्यांच्या ओसरीत ताडपत्रीखाली एक गाडी झाकलेली होती. काळीभोर, विलायती, पाचशे सी. सी.ची. माझी साडेतीनशेची. पाचशेची गाडी बघितली, की मला माझी सायकल वाटायला लागायची.

मालाच्या निमित्तानं मी उदगीरला गेलो, की फौजदारसाहेबांकडं जायचोच. त्यांना पेरू आवडायचे, म्हणून पिशवीभर पेरू न्यायचो. पेपर वाचून दाखवायचो. मग हळूच विचारायचो, "साहेब, गाडीचं काय?"

"हात लाव. पुसून ठेव. पण विकायची न्हाई!"

मी पुसली. मग एकदा कार्बोरेटर साफ केला. मग प्लग बदलला, तेल बदललं, मॅग्नेटोचे पॉइंट घासले. दोन वर्षं मी त्या गाडीची सेवा केली. फक्त किक मारली नाही. म्हटलं, चालू नाही झाली तर म्हातारा खचायचा.

एका सकाळी बसू त्यांच्याकडं ज्वारीचं पोतं पोचवायला गेला. ओसरीत गाडी बघितली. म्हणाला, "साहेब, ही चालू हाय का?"

"सवालच न्हाई. माझ्या बायकोच्या मयतीपास्नं बंद हाय."

बसूनं आडतीच्या जुन्या स्कूटरमधलं बाटलीभर पेट्रोल काढलं, त्या काळ्या गाडीच्या टाकीत ओतलं आणि एक किक मारली. एकच! काळी धडधडायला लागली. फौजदारसाहेब काठी न घेता बाजेवरून उठले. गाडीपाशी आले, टाकीवर हात ठेवून आवाज ऐकत राहिले. डोळ्यांतून धारा. म्हणाले, "ले जाओ बेटा. तिला उभी ठिवू नको."

पुढच्या खेपेला मी पेरू घेऊन गेलो, तर ओसरीत नुसता तेलाचा डाग.

"मन्मथ, एका किकमध्ये!" फौजदारसाहेब मला सांगायला लागले. "काय हात हाय त्या पोराचा!"

दोन वर्षं मी वखरलं, पेरून गेला बसू आणि पेरू देऊन आलो मी!

* * *

त्या वर्षी नळाला पाणी कधी यायचं ते नळालाही माहीत नसायचं. गल्लीत टँकर आला, की बायका घागरी घेऊन धावायच्या, पुरुष मागं उभं राहून सल्ले द्यायचे. गाडी धुणं ही गोष्टच संपली होती. आमच्या तिघांच्या गाड्या धुळीनं अशा मळल्या, की कुठली कुणाची ओळखू येईना.

आणि बसू यायचा. काळी चकचकीत! सायलेन्सरमध्ये तोंड बघून भांग पाडावा अशी!

"हा पाण्यानं धुऊन राहिला," व्यंकट माझ्या कानात म्हणाला. "माणसाला प्यायला न्हाई आन् ह्याची गाडी आंघोळ करून राहिली."

हबीब मास्तर म्हणाले, "हौ, इसकी तहकीकात होना."

तपास करायला मास्तरच उदगीरला गेले. पुढच्या रविवारी त्यांनी येऊन सांगितलं, की पाण्याचा थेंब नाही. बसूची बायको शिवकांता चिंच आणि राख घेऊन रोज सकाळी गाडी घासते. वरून कोरडं फडकं. भांडी घासतात तशी.

मला तर राग आलाच, पण आशाही वाटली. घरात भांड्यांचं दुकान. राख, चिंच, बायको, सगळं हाताशी! त्या संध्याकाळी मी बायकोला, महानंदाला, म्हटलं, "शिवकांता बसूची गाडी कशी चमकवते, ऐकलंस का?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ऐकलं. बसूभाऊजींनी तिला मागं बसवून हत्तीबेटाचा डोंगर दाखवला, तेबी ऐकलं. मी तुमच्या गाडीवर अजून एकदाबी बसले न्हाई. तिनं आपली गाडी घासली. मी कुणाची घासू?"

दुसऱ्या दिवशी मी तिला हत्तीबेटाला नेलं. वाटेत गाडी तीनदा बंद पडली. राख-चिंचेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

* * *

इंजिनाच्या केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बेअरिंग बसवायचं असेल, तर केसिंग आधी तापवावं लागतं. तापलं, की ते जरा फुगतं आणि बेअरिंग अलगद आत जातं. बसूनं हे काम घरी केलं होतं आणि ते तो दर रविवारी तिखटमीठ लावून सांगायचा. म्हणून मलाही घरीच करायचं होतं.

महानंदा देवळात गेली होती. मी चुलीवर मोठा तवा ठेवला, तव्यावर केसिंग ठेवलं आणि वरून परात झाकली. तेलाचा वास सगळ्या घरात पसरला. जुनं इंजिन, आतमध्ये कुठल्या कुठल्या जमान्याचं तेल मुरलेलं!

तेवढ्यात दारात सासरे उभे. ते निलंग्याचे. न कळवता येण्याची त्यांची पद्धत. निलंग्याकडचे असल्यानं बोलता बोलता मध्येच कानडी यायचं.

"काय शिजून राहिलंय जावईबापू?" त्यांनी नाक वर करून विचारलं.

मी काही बोलायच्या आत ते चुलीपाशी पोचले आणि परात उचलली. आत केसिंग. भोकाभोकांतून धूर.

"एनु इदु? काय हाय हे?" सासरे मागं सरकले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जावईबापू, पोरगी दिली तवा तुमचं भांड्याचं दुकान हाय म्हणून दिली. येवढी भांडी घरात असून ह्याच्यात शिजवता?"

बेअरिंग मात्र एका ठोक्यात बसलं. ते बघायला बसू नव्हता, हेच दुःख!

* * *

व्यंकटची गाडी लष्करानं निकालात काढलेली. वजन असं, की ती स्टँडवर घ्यायला दोन माणसं लागायची आणि किक मारायला देवाचं नाव. ती थंडीत चालू व्हायची नाही, उन्हात चालू व्हायची नाही, आणि पावसाळ्यात होते की नाही हे बघायला त्या वर्षांत पाऊसच नव्हता.

पण व्यंकटकडं देवणी बैलांची जोडी होती. पांढरीशुभ्र, काळ्या ठिपक्यांची, कपाळ रुंद, चाल राजाची. व्यंकटनं डोकं लढवलं. बैल जुंपायचे, मागं दोरानं गाडी बांधायची, बैल चालले, की गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडी चालू!

केलं तसं. गाडी चालूही झाली. पण चालू होताना सायलेन्सरमधून जो बार उडाला, त्यानं बैल उधळले. दोर सुटेना. पुढं बैल, मागं फटफटी, फटफटीवर व्यंकट! गावातून, नाल्यातून, माळावरून ही वरात थेट चारा छावणीत घुसली. बैलांना वाट पाठ होती. दुष्काळात रोज वैरणीला तिथंच जायचे ना!

छावणीवरच्या माणसानं बैल पकडले, शांत केले आणि मग मागं बघितलं. व्यंकट धुळीनं माखलेला, तरी हँडल धरून बसलेला. इंजिन चालू.

"बैलाला वैरण मिळंल," तो माणूस म्हणाला. "ह्या जनावराची सोय आपल्याकडं न्हाई!"

व्यंकटला ह्याचं वाईट वाटलं नाही. त्याला वाईट ह्याचं वाटलं, की जमलेली सगळी माणसं बैलांचीच तारीफ करत होती. "गाडी चालू हाय, इकडं बगा की!" तो ओरडून राहिला, पण कुणी मान वळवेना. रविवारी त्यानं हे सांगितलं तेव्हा बसू गालात हसला. स्वतःच्याच बैलांवर जळणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघितला.

* * *

हबीब मास्तरांची गाडी चेकोस्लोव्हाकियाची होती. हलकी, टू-स्ट्रोक, धूर सोडत गोड आवाजात जाणारी. ह्या गाडीचा सुटा भाग पुण्या-मुंबईतही मिळत नसे. आणि मास्तर दर महिन्याला नवा भाग घेऊन यायचे! कधी अस्सल हेडलाइटची काच, कधी गिअरचा दांडा, कधी टाकीचं झाकण.

"मास्तर, माल कुठनं आणता?"

"ऊपरवाले की देन," मास्तर डोळे मिटून म्हणायचे.

मास्तर सुट्टीत आईला भेटायला नांदेडला जातात, एवढं आम्हाला माहीत होतं. बसू आणि मी दोघं नांदेडचा जुना बाजार पालथा घालून आलो. काही नाही. मास्तर चहा पीत हसायचे. त्यांचं ते हसणं बघून मला बसूचाही राग यायचा बंद झाला, एवढा मास्तरांचा यायचा.

मग एका रविवारी मास्तरांनी कागदात गुंडाळलेला कार्बोरेटर आणला. बसूनं तो हातात घेतला, नाकाजवळ नेऊन बघितला आणि त्याला सटासट शिंका सुटल्या. मी घेतला. मलाही शिंका! व्यंकटचे तर डोळे वाहायला लागले.

"पेट्रोलचा वास सहन होईना तुम्हाला," मास्तर घाईनं म्हणाले आणि कार्बोरेटर खिशात गेला.

मास्तर गेल्यावर बसूनं माझ्या मांडीवर थाप मारली. "मन्मथ, ती मिरची हाय! लाल मिरची! नांदेड कशाचं? हा धर्माबादला जाऊन राहिला!"

धर्माबाद म्हणजे मिरचीचं गाव. तिथून पुढं तेलुगू मुलूख सुरू. आम्ही शाळेचा दिवस बघून, मास्तर वर्गात असतील त्या वेळी निघालो. धर्माबादला उतरल्यावर विचारत विचारत एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गोडाउनला पोचलो. नाकाला रुमाल लावून आत गेलो. मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीआड, खरोखर, दोन मेलेल्या फटफट्या पडलेल्या! मास्तरांच्या गाडीच्या सख्ख्या बहिणी! आम्ही दोघं शिंकत होतो, रडत होतो आणि हसत होतो.

शेठजी गादीवर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, बोलणं अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. बसूनं हात जोडले. "शेठजी, त्या जुन्या गाड्या..."

"लातूरहून आले काय?"

"हाव."

"एक उदगीरचा, एक भांड्यावाला?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. "हाव."

"रा, रा, बसा!" शेठजी खूश झाले. त्यांनी चहा मागवला. चहा झाला, खारी झाली, मग ते म्हणाले, "मास्टरगारू बोलून गेले. दोन माणसं येतील. शिंकत येतील. चांगली माणसं हायत. त्यांना चहा द्या. मिरची द्या. माल देऊ नका!"

येताना आम्हा दोघांच्या खांद्यावर एकेक मिरचीची पिशवी होती. पुढच्या रविवारी मास्तर आले, महानंदानं केलेला ठेचा खाल्ला आणि म्हणाले, "भाभी, मिर्ची बहोत अच्छी है. कहाँ की?"

* * *

हा छोटासाच. जिल्हा झाल्याच्या आनंदात गावात मिरवणूक निघाली होती. कुणीतरी सुचवलं, की सगळ्यात पुढं ह्या जुन्या फटफट्या चालवू, शोभा येईल. आम्ही आठवडाभर घासपूस केली. व्यंकटनं गाडी बैलांशिवाय चालू करून दाखवली, हीच एक मोठी बातमी होती.

मिरवणुकीच्या सकाळी प्रश्न निघाला. पुढं कोण? बसू म्हणाला, पाचशेची पुढं. मी म्हटलं, गाव माझं, मी पुढं. मास्तर म्हणाले, वयानं मी मोठा. व्यंकट म्हणाला, माझी गाडी थांबली तर पुन्हा चालू होणार न्हाई, म्हणून मी पुढं. कुणीच ऐकेना. शेवटी चौघंही पुढं! चार फटफट्या एका रांगेत, रस्ताभर. मागं साहेबांची जीप, तिच्यामागं लेझीम, तिच्यामागं अख्खं गाव अडकलेलं. एकमेकांच्या पुढं जाऊ द्यायचं नाही म्हणून आम्ही मुंगीच्या पावलानं चाललेलो.

एक हवालदार पळत आला. घामानं चिंब. म्हणाला, "ओ राजेहो! जिल्हा नवा झालाय, रस्ता जुनाच हाय! मागंम्होरं व्हा की!"

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

दुष्काळाचं सगळ्यात वाईट साल. व्यंकटच्या गावात एकच विहीर राहिली होती जिला पाणी होतं. पण ते तळाला. कडा ढासळलेल्या, त्यामुळं आत उतरायची कुणाची हिंमत नाही. रहाटानं ओढायचं तर दिवसभरात माणसांपुरतं निघायचं. जनावरं ऑइल इंजिनच्या पंपावर जगत होती. आणि ते इंजिन एके दिवशी फुटलं. नवीन भाग यायला वेळ लागणार होता. जनावरांना तेवढा वेळ नव्हता.

व्यंकटचा निरोप रविवारी सकाळी आला. आम्ही चहा तसाच टाकून निघालो.

विहिरीवर पोचलो तर सगळं गाव उभं. गाई, म्हशी, वासरं, सगळी कोरड्या हौदाभोवती. ओरडत नव्हती. तहान फार झाली, की जनावर ओरडायचंही सोडतं, हे मी तिथं पहिल्यांदा बघितलं.

बसू पंपापाशी बसला, पुली फिरवून बघितली. म्हणाला, "पंप चांगला हाय. नुसतं फिरवायला काहीतरी पायजे. गाडी उभी करू. मागच्या चाकाचा टायर काढू, रिमवर पट्टा चढवू."

मी लगेच म्हटलं, "माझी लावा."

खरं सांगायचं तर जनावरांची कणव होतीच. पण बसूच्या आधी बोललो, ह्याचंही समाधान होतं.

माझी लावली. टायर काढला, पट्टा चढवला. किक मारली, गाडी चालू झाली. क्लच सोडला, की इंजिन गप. पुन्हा. पुन्हा गप. साडेतीनशेच्या गाडीला तो पंप ओढवेना. मास्तरांची गाडी तर त्याहून हलकी. व्यंकटची सकाळपासून चालूच झाली नव्हती. त्यानं घाम गाळून गाळून शर्ट पिळून काढला होता.

बसूनं काळी पुढं आणली आणि स्वतः पाना घेऊन टायर काढायला बसला.

एका किकमध्ये! पट्टा ताणला, पंप फिरायला लागला, पाईप थरथरला. आधी नुसती हवा, मग लाल गढूळ पिचकारी, मग पाणी. मनगटाएवढं पाणी! जनावरांनी हौदात तोंडं घातली. बाया रडायला लागल्या. एका आजीनं पळत जाऊन हळदकुंकू आणलं आणि काळीच्या हेडलाइटवर बोटं ओढली. मी माझ्या गाडीचा टायर परत बसवत होतो. तिच्याकडं कुणी बघितलंही नाही.

फटफटीचं इंजिन वाऱ्यानं थंड होतं. पळत असली तर वारा लागतो. उभी असली तर कुठला वारा? मास्तरांनी ओलं पोतं करून इंजिनावर टाकलं, ते वाफ होऊन गेलं. पुन्हा टाकलं. पुन्हा वाफ. रंग करपल्याचा वास यायला लागला.

मी बसूच्या खांद्यावर हात ठेवला. "बस कर. जाईल ती."

"थांब की. वासरं राह्यली ती कडंची."

"बसू, आवाज ऐक तिचा!"

"ऐकून राहिलोय," तो म्हणाला. त्यानं ॲक्सिलरेटरची मूठ सैल केली नाही.

मोठ्या जनावरांनी वासरांना पुढं येऊ दिलं नव्हतं. व्यंकट आणि गावची पोरं म्हशी मागं ढकलत होती. शेवटी वासरं हौदाला लागली. प्यायली. पोटं टम्म झाली. हौद काठापर्यंत भरत आला.

मग आवाज बदलला. आम्हा चौघांनाच तो कळला. गावाला नाही. एक बारीक किंचाळी, मग लोखंडाला लोखंड घासल्यासारखं काहीतरी, मग एक झटका. पट्टा उडाला. काळी बंद.

बसूनं किकवर पाय ठेवला. किक दगडासारखी. खाली जाईना.

पिस्टन आतमध्ये चिकटून बसला होता. त्या गाडीचा तसा पिस्टन तेव्हा मिळणार नव्हता. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. धर्माबादच्या शेठजींकडंही नाही.

गावानं बसूला खांद्यावर घेतलं. त्याच आजीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. गावच्या लोकांनी काळीला हार घातला, नारळ फोडला. माझ्या हातात कुणीतरी प्रसादाचं खोबरं दिलं. मी ते खाल्लं. गोड होतं.

काळी व्यंकटच्या गोठ्यात उभी केली. उन्हं उतरली तेव्हा मी गाडी काढली. बसू उदगीरला कसा जाणार, असा प्रश्नच नव्हता. एवढ्या वर्षांत तो माझ्या गाडीवर मागं कधी बसला नव्हता. बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून, नव्या नवरीसारखा.

देवणीच्या पुढं रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूला काळी रानं, एक हिरवं पान नाही. गाडी त्या दिवशी लई सुरेख चालली. ना एक ठोका चुकला, ना बंद पडली. मागं बसू तिचा आवाज ऐकत होता.

मग त्यानं पुढं वाकून माझ्या कानापाशी तोंड आणलं.

"मन्मथ," तो म्हणाला, "काय चालून राहिली रे तुझी गाडी!"

उदगीरचा किल्ला दिसायला लागला. मी गाडी मुद्दाम हळू केली.